गॅस भरण्याआधी गळती शोधा

एप्रिलचा दुसरा आठवडा उजाडला की महाराष्ट्रातल्या एसी मेकॅनिकांचे फोन सकाळपासून खणखणू लागतात. बहुतेक घरांतून तक्रार एकच येते: हवा येते, पण गार होत नाही. मेकॅनिक दुपारी कधीतरी पोहोचतो, आउटडोअरच्या व्हॉल्व्हला गेज लावतो, काटा पाहतो आणि सांगतो, "गॅस कमी झालाय." सिलिंडरची नळी जोडली जाते, अर्ध्या तासात खोली गार होते, अडीच-तीन हजार रुपये चुकते होतात आणि दोन्ही बाजू समाधानी होतात. पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा तोच फोन, तोच काटा, तेच उत्तर आणि पुन्हा तेवढेच पैसे.

या व्यवहारात एक गोष्ट बोलायची राहून जाते. एसीतला गॅस वापरून संपत नाही. स्वयंपाकाच्या सिलिंडरमधला गॅस जळतो म्हणून संपतो. एसीतला गॅस बंद नळ्यांमधून फिरत राहतो, खोलीतली उष्णता उचलतो, बाहेर नेऊन टाकतो आणि पुन्हा आत येतो. यंत्र नीट बसवलेले असेल तर कारखान्यात भरलेला गॅस वर्षानुवर्षे पुरतो. तो कमी झाला याचा अर्थ कुठेतरी गळती आहे. ती न शोधता वरून भरलेला गॅस त्याच वाटेने बाहेर जातो आणि त्याच्यासोबत ग्राहकाचे पैसेही जातात.

घरातली यंत्रे दुरुस्त करण्याचे काम आपल्याकडे किरकोळ समजले जाते. हा समज आता सोडायला हवा. थंडाव्याची यंत्रे विकत घेण्यासाठी करकपात आहे, बिनव्याजी हप्ते आहेत, जुने देऊन नवे घेण्याच्या योजना आहेत. तेच यंत्र नीट बसवणे, सांभाळणे, दुरुस्त करणे आणि शेवटी मोडीत काढणे यासाठी मात्र ना जमिनीवर उतरलेले सक्तीचे नियम आहेत, ना पुरेसे प्रशिक्षण, ना कामाला साजेसा मोबदला. या दुर्लक्षाची किंमत ग्राहक खिशातून मोजतो, मेकॅनिक जिवावर बेतवून मोजतो आणि तापत चाललेली हवा सगळ्यांच्याच वाट्याला येते.

आकडे पाहिले की प्रश्नाचा आवाका कळतो. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०१८ च्या अहवालानुसार २०१६ मध्ये भारतात पावणेतीन कोटींच्या आसपास एसी होते आणि २०५० पर्यंत ही संख्या शंभर कोटींच्या वर जाईल असा अंदाज आहे. ३० मे २०२४ रोजी देशाची विजेची मागणी २५० गिगावॉटवर पोहोचली, तोवरचा तो उच्चांक होता आणि उन्हाळ्यातल्या एसींचा त्यात मोठा हात होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. दुरुस्तीच्या सेवेवर मात्र पूर्वीपासून १८ टक्केच आकारला जातो, म्हणजे यंत्र स्वस्त झाले आणि त्याची निगा आहे तेवढ्याच करावर राहिली. रांजणगाव, शिरवळ, सुपे या महाराष्ट्रातल्याच औद्योगिक वसाहतींमध्ये घरगुती उपकरणांचे मोठमोठे कारखाने उभे आहेत. यंत्र बनवण्यात हे राज्य पुढे आहे. ते सांभाळण्यातही पुढे असायला हरकत नाही.

गळतीची दुरुस्ती नीट करायची म्हणजे काय करायचे, हे एकदा जवळून पाहायला हवे. पहिली शंका घ्यायची ती फ्लेअर नटची. तांब्याच्या नळीचे तोंड पसरवून पितळी नटाने ती इनडोअरला आणि आउटडोअरला जोडलेली असते. नळीचे तोंड वाकडे पसरले असेल किंवा नट कमी-जास्त आवळला असेल, तर गॅस तिथून केसभर वाटेने निसटत राहतो. साबणाचा दाट फेस लावला आणि बारीक बुडबुडे धरले की गळती सापडते. तिथे नसेल तर झाळलेले सांधे, आणि मग इनडोअरची कॉइल. किनारपट्टीवर आणि खाडीकाठी खारी हवा, गटारांतून येणारा हायड्रोजन सल्फाइड आणि घरातल्या रसायनांच्या वाफा यांनी ही कॉइल कुरतडली जाते. तांब्यात मुंग्यांच्या वारुळासारखी सूक्ष्म भोके पडतात आणि ती डोळ्यांना दिसत नाहीत. ती शोधायची तर नळ्यांमध्ये कोरडा नायट्रोजन दाबाने भरून थांबावे लागते.

गळती बुजवली म्हणजे काम संपले असे होत नाही. नळ्या उघड्या पडल्या की आत हवा आणि ओल शिरते. ही ओल कॉम्प्रेसरच्या तेलात मिसळली की आम्ल तयार होते आणि ते मोटरीच्या वाइंडिंगपर्यंत पोहोचते. म्हणून व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा आणि ओल पूर्ण खेचून घ्यावी लागते. त्यानंतर सिलिंडर वजनकाट्यावर ठेवायचा आणि यंत्राच्या पाटीवर लिहिलेले वजन ग्रॅममध्ये मोजून गॅस आत सोडायचा. इन्व्हर्टर एसीत कॉम्प्रेसरचा वेग सतत बदलतो, त्यासोबत दाबही बदलतो. तिथे नुसत्या गेजच्या काट्यावर विसंबून भरलेला गॅस कमी किंवा जास्त होण्याचीच शक्यता अधिक. शिवाय "गार होत नाही" या तक्रारीमागे दर वेळी गॅस असतोच असेही नाही. धुळीने गच्च झालेली जाळी, माखलेली कॉइल, अशक्त झालेला कॅपॅसिटर किंवा बंद पडत आलेला आउटडोअरचा पंखा यांनीही हेच लक्षण दिसते. एवढे सगळे तपासून काम करायला दोन-तीन तास लागतात, कधी अर्धा दिवस.

अर्धा दिवस देणे मेकॅनिकला परवडत नाही, आणि यात त्याचा दोष सर्वांत कमी आहे. हंगाम अडीच-तीन महिन्यांचा. पैसे फेरीवर मिळतात, तासांवर नाही. दिवसात सात-आठ घरे झाली नाहीत तर पावसाळ्यातल्या रिकाम्या महिन्यांची बेगमी होत नाही. ॲपवरून काम घेणाऱ्याच्या डोक्यावर वेळेचे आणि ग्राहकाने देण्याच्या ताऱ्यांचे ओझे असते. व्हॅक्यूम पंप, वजनकाटा, नायट्रोजनचा सिलिंडर आणि त्याचा रेग्युलेटर हे सगळे दुचाकीवर लादून चौथ्या मजल्यावर न्यायचे, आणि त्याचे वेगळे पैसे मागितले की दारात घासाघीस सुरू होते. मग पंपाऐवजी थोडा गॅसच नळीतून सोडून आतली हवा बाहेर हाकलायची, वजनाऐवजी गेजच्या काट्यावर अंदाज घ्यायचा, फेसाऐवजी नुसता हात फिरवायचा, असे काम उरकण्याचे मार्ग रूढ होतात.

ग्राहकही या रूढीत सहभागी आहे. नवा एसी घेताना पंधरा दुकाने पालथी घालणारे घर दुरुस्तीच्या वेळी फक्त दोन प्रश्न विचारते: किती लागतील आणि किती वेळात होईल? गळती कुठे होती, किती ग्रॅम गॅस भरला, कोणता भरला, याची लेखी नोंद मागणारा विरळाच. तीन उन्हाळ्यांत तीनदा गॅस भरून आठ-नऊ हजार घालवण्यापेक्षा एकदाच गळती काढून घेणे स्वस्त पडते. पण पूर्ण कामाचा दर सांगणारा मेकॅनिक महाग वाटतो आणि अर्धे काम करणारा स्वस्त, असा हिशेब घरोघरी चालतो.

हवेत गेलेल्या गॅसचा हिशेब तर कोणीच ठेवत नाही. ओझोनच्या थराला भोक पाडणाऱ्या वायूंवर १९८७ च्या माँट्रियल करारानंतर टप्प्याटप्प्याने बंदी आली. जुन्या खिडकी-एसींमध्ये सर्रास असलेला आर-२२ हा त्याच कुळातला. तो भारतात २०३० पर्यंत जवळपास पूर्ण बंद व्हायचा आहे. त्याची जागा घेणाऱ्या आर-४१०ए आणि आर-३२ या वायूंनी ओझोनला धक्का लागत नाही, पण पृथ्वीच्या तापमानवाढीत ते भर घालतात. एक किलो आर-४१०ए हवेत सुटला तर शंभर वर्षांच्या हिशेबाने त्याचा परिणाम सुमारे २,००० किलो कार्बन डायऑक्साइडइतका होतो. आर-३२ चा सुमारे ६७५ किलोइतका. दीड टनाच्या एका घरगुती एसीत साधारण पाऊण ते एक किलो आर-३२ असतो. एक लिटर पेट्रोल जाळल्यावर सव्वादोन किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे किलोभर आर-३२ हवेत सोडणे हे जवळजवळ तीनशे लिटर पेट्रोल जाळण्यासारखे आहे, आणि ते मिनिटाभरात, एका पान्याच्या फिरकीने घडते.

भारताने याबाबत जगाला शब्द दिला आहे. २०१६ मध्ये रवांडाची राजधानी किगाली इथे माँट्रियल करारात दुरुस्ती झाली आणि २०२१ मध्ये भारताने ती मान्य केली. तिच्यानुसार २०२८ मध्ये या वायूंचा वापर गोठवायचा, २०३२ पासून कमी करत न्यायचा आणि २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांनी खाली आणायचा आहे. कारखान्यात नवे वायू वापरून ही वाट अर्धीच चालता येते. दर उन्हाळ्यात गळक्या यंत्रांमध्ये ओतला जाणारा गॅस थांबला नाही तर उरलेली अर्धी वाट तशीच राहील.

केंद्र सरकारला हे ठाऊक नाही असे नाही. मार्च २०१९ मध्ये पर्यावरण मंत्रालयाने 'इंडिया कूलिंग ॲक्शन प्लॅन' जाहीर केला. २०३७-३८ पर्यंत थंडाव्याची मागणी २० ते २५ टक्क्यांनी आणि शीतकरण वायूंची मागणी २५ ते ३० टक्क्यांनी कमी करण्याचे ध्येय त्यात आहे. एक लाख सर्व्हिस तंत्रज्ञांना २०२२-२३ पर्यंत प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचे उद्दिष्टही त्यातच नोंदवले होते. दुरुस्तीचे हे क्षेत्र बहुतांश असंघटित आहे, हे त्या आराखड्याने स्वच्छ मान्य केले. पण त्यानंतरची सगळी सार्वजनिक चर्चा रिमोटवरच्या आकड्याभोवती फिरत राहिली: २०२० पासून नव्या एसीत २४ अंशांचे तापमान आधीच लावून येऊ लागले, आणि जून २०२५ मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी तापमानाची मर्यादा २० ते २८ अंशांदरम्यान ठेवण्याचा विचार मांडला. रिमोटवर आकडा कोणताही असो, कॉइल माखलेली आणि गॅस अर्धा असेल तर तो आकडा गाठण्यासाठी कॉम्प्रेसर दिवसभर धापा टाकत राहतो. विजेच्या बिलात वाढलेले युनिट तिथूनच येतात.

अमेरिकेत ओझोनला घातक शीतकरण वायू दुरुस्तीच्या वेळी हवेत सोडण्यावर १९९२ पासून बंदी आहे आणि १९९४ पासून प्रमाणपत्राशिवाय कोणालाही ते हाताळता येत नाहीत. युरोपीय संघातही प्रमाणित तंत्रज्ञाची अट आहे. आपल्याकडे घरातली वायर ओढणाऱ्या वायरमनला परवाना लागतो. दाबाखालचा, ज्वलनशील वायू घरात भरणाऱ्या माणसाकडे मात्र कोणताही कागद असण्याची गरज नसते, आणि तो गॅस विकणारा दुकानदारही काही विचारत नाही.

ज्वलनशील हा शब्द इथे पूर्ण गांभीर्याने घ्यावा लागेल. आर-२२ पेट घेत नसे. आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे आणि त्याचा दाबही आर-२२ पेक्षा बराच जास्त असतो. गोदरेजने २०१२ मध्ये भारतात आणलेल्या एसींमधला आर-२९० म्हणजे शुद्ध प्रोपेन. हवामानासाठी तो सर्वांत चांगला, कारण तापमानवाढीत त्याचा वाटा नगण्य. पण तो सहज पेटतो. आर-२२ वर हात बसलेला मेकॅनिक त्याच सवयीने गॅस पूर्ण न काढता सांध्याला ज्योत लावतो तेव्हा धोका कुठवर आला आहे हे त्याला कोणी शिकवलेलेच नसते. नायट्रोजन जवळ नाही म्हणून वेल्डिंगच्या सिलिंडरमधला ऑक्सिजन नळीत भरून गळती शोधणे तर जीवघेणे आहे. दाबाखालचा ऑक्सिजन आणि कॉम्प्रेसरमधले तेल एकत्र आले की स्फोट होतो. हे सांगायला एक तास पुरतो, पण तो तास बहुतेकांच्या वाट्याला येत नाही. हे शिक्षण उस्तादाच्या हाताखाली मिळते आणि उस्तादाला जे ठाऊक तेवढेच पुढे जाते.

दुसरा धोका उंचीचा. मुंबई, ठाणे, पुण्यातल्या कितीतरी इमारतींमध्ये आउटडोअर युनिट बाहेरच्या भिंतीवर, खिडकीच्या ग्रिलपलीकडे लोखंडी स्टँडवर लटकलेले असते. तिथे पोहोचायला ना सज्जा असतो, ना पट्टा अडकवायला आकडा. खिडकीच्या चौकटीत एक पाय रोवून, दुसरा स्टँडवर टेकवून, सातव्या मजल्यावर पाण्याचा फवारा हातात घेऊन काम करणारा तरुण रस्त्यावरून मान वर केली की कुठेही दिसतो. त्याच्यासाठी कमरेचा पट्टा आहे का, हे विचारणाऱ्या सोसायट्या मोजक्या. गंजलेला स्टँड खालून जाणाऱ्यांच्याही जिवावर उठतो. ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्लीच्या करोल बागेत वरून कोसळलेल्या आउटडोअर युनिटखाली सापडून अठरा वर्षांचा तरुण मरण पावला. समुद्राच्या खाऱ्या हवेत लोखंड दिल्लीपेक्षा लवकर गंजते. महाराष्ट्राच्या एकात्मिक बांधकाम नियमावलीत आणि मुंबईच्या विकास नियंत्रण नियमांत नव्या इमारतींसाठी आउटडोअर युनिटची सुरक्षित, आतून पोहोचता येणारी जागा सक्तीची करणे ही अवघड गोष्ट नाही. जुन्या इमारतींत सोसायटीने दर दोन वर्षांनी स्टँडची तपासणी करून घ्यावी आणि पट्ट्याशिवाय बाहेर उतरू देऊ नये, एवढे तर सर्वसाधारण सभेच्या एका ठरावाने होईल.

हा सगळा विषय फक्त एसीवाल्या घरांचा आहे असे समजणे मात्र चूक ठरेल. २०१९ च्या आराखड्याच्या वेळी देशातल्या जेमतेम ८ टक्के घरांत एसी होता. नागपूर, चंद्रपूर, अकोला, अमरावतीत उन्हाळा काढला जातो तो कूलरवर. मार्च संपता संपता गच्चीवरून कूलर खाली उतरतात, वाळ्याच्या नाहीतर वुडवूलच्या ताट्या बदलल्या जातात, पंपाला हादरे देऊन तो चालू होतो का पाहिले जाते आणि वर्षभर पडून राहिलेली वायर तशीच सॉकेटमध्ये खोचली जाते. पत्र्याची पेटी, आत पाणी, पाण्यात बुडालेला विजेचा पंप आणि खाली ओली फरशी. पंपाच्या वायरचे आवरण झिजले असेल आणि अर्थिंग नसेल तर सगळ्या पेटीत वीज उतरते. कूलरचा शॉक लागून मुलांचे, बायाबापड्यांचे जीव गेल्याच्या बातम्या विदर्भातल्या वर्तमानपत्रांत दर उन्हाळ्यात येतात. हे मृत्यू टाळता येण्यासारखे आहेत. तीन पिनांचा प्लग, खरोखर जोडलेली अर्थिंगची तार आणि ३० मिलिअँपिअरच्या गळतीला वीज तोडणारी आरसीसीबी एवढ्याने बहुतेक जीव वाचतील.

डेंग्यूच्या अळ्या शोधायला महापालिकेची माणसे पावसाळ्यात घरोघर कूलर उघडून पाहतात. हीच यंत्रणा मार्चमध्ये वीजतंत्र्याला सोबत घेऊन वस्त्यांमध्ये कूलरच्या अर्थिंगची तपासणी करू शकते. नागपूरसारख्या शहरांत उष्मा कृती आराखडे आहेत. त्यांत थंड पाण्याच्या पाणपोया आणि दुपारच्या सूचना असतात तशी कूलरची विद्युत तपासणीही असायला हवी.

हिवाळ्यात हीच कहाणी न्हाणीघरात घडते. नाशिक-निफाडच्या थंडीत, पुण्या-मुंबईच्या छोट्या फ्लॅटमध्ये गॅस गिझर झपाट्याने पसरला, कारण तो झटपट पाणी तापवतो आणि विजेपेक्षा स्वस्त पडतो. पण तो हवेतला ऑक्सिजन खातो. बंद दाराच्या, खिडकी नसलेल्या न्हाणीघरात ऑक्सिजन कमी पडला की जळण अर्धवट होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आंघोळ करणाऱ्याला गरगरते आणि दाराची कडी काढण्याआधी शुद्ध हरपते. महाराष्ट्रात अशा घटनांनी घरेच्या घरे उजाडली आहेत. गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवणे आणि वर्षातून एकदा बर्नरवरची काजळी काढणे हे त्यावरचे उपाय आहेत. ज्योत निळी न राहता पिवळी पडू लागली तर तो वापरणे त्याच क्षणी थांबवायला हवे. हा गिझर भिंतीवर ठोकणारा माणूस बहुधा प्लंबर असतो किंवा शेगड्या दुरुस्त करणारा, आणि "आत बसवणार नाही" असे ठामपणे सांगण्याचे बळ त्याला कुठल्याच नियमाने दिलेले नाही.

यंत्र दुरुस्त करायचे की बदलायचे, हा प्रश्नही आज प्रामाणिकपणे सुटत नाही. साध्या पंख्याला ७० ते ७५ वॉट लागतात, बीएलडीसी, म्हणजे ब्रश नसलेल्या मोटरीच्या पंख्याला ३० च्या आसपास. तेव्हा नवा पंखा घेणे शहाणपणाचेच. पण जुन्या पंख्याची मोटर गल्लीतला कारागीर गुंडाळून देत असे. नव्या पंख्यातला बोर्ड गेला की तो हात टेकतो, कारण बोर्डाचा नकाशा त्याला मिळत नाही आणि सुटा भाग बाजारात नसतो. इन्व्हर्टर एसीत तर असाच बोर्ड, म्हणजे पीसीबी, बदलण्याचा खर्च ऐकून ग्राहक नव्या यंत्राचाच विचार करू लागतो. कॉम्प्रेसरवर दहा वर्षांची हमी ठळक अक्षरांत छापलेली असते. गॅस, कॉइल, बोर्ड आणि मजुरी तिच्यात येते का, हे बारीक अक्षरांत शोधावे लागते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत जुन्या बोर्डांमध्ये जीव आणणारे कसबी हात आजही आहेत. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केले आणि घरगुती उपकरणांचाही त्यात समावेश केला. पोर्टलवर कंपन्यांनी आपखुशीने माहिती टाकणे एवढ्यावर न थांबता, सुटे भाग किती वर्षे आणि कोणत्या किमतीला मिळतील हे खोक्यावर स्टार-लेबलशेजारी छापणे सक्तीचे व्हायला हवे.

यंत्राचा शेवट तर आणखी वाईट होतो. भंगारवाला जुना एसी नेतो, तांब्याच्या नळीवर कटर चालवतो आणि उरलेला सगळा गॅस एका फुसकाऱ्यात हवेत जातो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी एसीची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे, पण ती जबाबदारी गल्लीतल्या हातगाडीपर्यंत उतरलेली नाही. यंत्र काढताना गॅस आउटडोअरमध्ये कोंडून घेणे, म्हणजे पंप डाउन, हे मेकॅनिकला येते; त्या युनिटमधून गॅस परत काढून घेणारी यंत्रे आणि केंद्रे मात्र घाऊक बाजारांच्या ठिकाणी उभी राहायला हवीत.

यावर आक्षेप येणार आणि तो खोटा नाही. परवाना म्हटला की खेटे आले, चिरीमिरी आली, आणि गावाहून आलेल्या, शाळा सुटलेल्या, पण हाताने हुशार असलेल्या हजारो मुलांची रोजी बुडण्याची भीती आली. म्हणून सुरुवात बंदीने करू नये. ज्याला काम येते त्याच्या कामाचीच परीक्षा घ्यावी, दोन-तीन दिवसांची, मराठी आणि हिंदीत, ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या रिकाम्या महिन्यांत, बुडणाऱ्या रोजाची भरपाई देऊन. शासकीय आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम वर्षानुवर्षे चालतो. तिथल्या कार्यशाळा आणि निदेशक या कामी येतील. पीएम विश्वकर्मा योजनेत सुतार, लोहार, कुंभारापासून अठरा व्यवसायांना अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते. एसी मेकॅनिक त्या यादीत नाही. व्हॅक्यूम पंप आणि काट्यासाठी राज्याने अशीच मदत केली तर अर्धे काम उरकण्याचे मोठे कारण संपेल. चार-पाच वर्षांनी, पुरेशा हातांत या परीक्षेच्या प्रमाणपत्राचे कार्ड आल्यावर, गॅसचा सिलिंडर कार्ड दाखवल्याशिवाय विकू नये असा नियम करता येईल.

ग्राहकाने तोवर थांबण्याचे कारण नाही. गळतीची जागा, भरलेल्या गॅसचे नाव, त्याचे ग्रॅममधले वजन आणि व्हॅक्यूम केल्याची नोंद, या चार ओळी बिलावर मागता येतात, आणि पूर्ण कामाचे पूर्ण पैसे द्यायची तयारी ठेवून मागायला हव्यात. सर्व्हिसिंग एप्रिलच्या गर्दीत न करता फेब्रुवारीत करून घेतले तर मेकॅनिकला वेळ मिळतो आणि कामही नीट होते. महिनाभरात तीच तक्रार पुन्हा आली तर ती सेवेतली त्रुटी ठरू शकते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तिच्यावर दाद मागता येते आणि १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. १९७० च्या दशकात पुण्या-मुंबईत ग्राहक पंचायतीची चळवळ उभी राहिली ती वजनमापे आणि भेसळ या रोजच्या प्रश्नांवर; गॅसचे वजन हा त्याच परंपरेतला आजचा प्रश्न आहे.

सर्वांत लवकर हलू शकेल अशी कळ सरकारच्याच हातात आहे. मंत्रालय, जिल्हाधिकारी कार्यालये, न्यायालये, जिल्हा रुग्णालये, महापालिका आणि विद्यापीठे यांच्याकडे मिळून हजारो एसी आहेत आणि त्यांच्या वार्षिक देखभालीच्या निविदा निघतातच. त्या निविदांमध्ये प्रमाणित तंत्रज्ञ, उंचीवर सुरक्षा पट्टा, प्रत्येक यंत्रामागे गॅसच्या नोंदींची वही आणि मोडीत काढताना गॅस परत घेण्याची अट घालायला नवा कायदा लागत नाही, विधिमंडळाचे अधिवेशन लागत नाही. एक शासन निर्णय पुरतो. तो निघाला तर देखभालीचे ठेकेदार आपल्याच माणसांना प्रशिक्षणाला पाठवतील, आणि सरकारी इमारतीत काट्यावर गॅस मोजायला शिकलेला मेकॅनिक संध्याकाळी कांदिवलीच्या, हडपसरच्या, वर्ध्याच्या घरातही तो काटा घेऊन येईल. येत्या आर्थिक वर्षाच्या निविदांचे मसुदे ठरण्याआधी ऊर्जा, पर्यावरण आणि कौशल्य विकास या तीन विभागांनी एकत्र बसून तो निर्णय काढावा.